जुने धातुशोधक यंत्र बदलावे काय?

(दूधसंस्थांचे चालक, ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व पशुपालक शेतकरी यांच्यासाठी पाठ)

दुभत्या जनावरांना होणारे काही रोग जंतूंमुळे होतात, काही निकस चाऱ्यामुळे, तर काही गोठ्यातील ओल व अस्वच्छता यांमुळे होतात. परंतु एक व्याधी अशी आहे की, तिचे मूळ केवळ माणसाच्या निष्काळजीपणात असते. ती म्हणजे चाऱ्याबरोबर पोटात गेलेली तार, खिळा किंवा सुई यांमुळे होणारी इजा. या व्याधीच्या निदानास साहाय्य व्हावे म्हणून काही पशुवैद्यकीय दवाखान्यांत व दूधसंस्थांत धातुशोधक यंत्र ठेवलेले असते. व्यवहारात यासच मेटल डिटेक्टर असे म्हणतात. हे यंत्र काही वर्षे वापरले गेले, की संस्थेच्या सभेपुढे प्रश्न येतो : आता नवे, अधिक गुंतागुंतीचे यंत्र घ्यावे काय?

हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. तथापि त्यात जनावराच्या प्राणाचा, कुटुंबाच्या रोजच्या उत्पन्नाचा आणि सभासदांच्या सामाईक पैशाचा संबंध येतो. म्हणून तो विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून न सोडविता स्वतःच्या गावातील अनुभवावरून सोडविला पाहिजे. तो कसा सोडवावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. व्याधीचे स्वरूप

गाय व म्हैस ही जनावरे चारा निवडून, चघळून खात नाहीत. जिभेने ओढून घेतलेला घास ती घाईने गिळतात व पुढे निवांतपणे रवंथ करतात. घासात तारेचा तुकडा असला तरी तो त्यांच्या ध्यानात येत नाही. गिळलेली जड वस्तू कोटीपोटात किंवा त्याच्या पुढे असलेल्या जाळीपोटात जाते. जाळीपोटाच्या आतील बाजूस मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे असतात. त्यांत खिळा वा तार अडकून राहते.

जाळीपोट मिनिटास सुमारे एकदा आकुंचन पावते. बोथट वस्तू या हालचालीने इकडून तिकडे होत राहते व बहुधा अपाय करीत नाही. टोकदार वस्तू मात्र पोटाच्या भिंतीत रुतते. जाळीपोटाच्या पुढे लगेच श्वासपटल आहे आणि त्यापलीकडे थोड्याच सेंटिमीटर अंतरावर हृदय आहे. भिंत भेदून पुढे सरकलेली तार श्वासपटलात व क्वचित हृदयाच्या आवरणातही शिरते. गाभण जनावराच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाचा दाब पडल्यामुळे आणि विताना कळा दिल्यामुळे ही वस्तू पुढे ढकलली जाण्याचा संभव अधिक असतो.

लक्षणे येणेप्रमाणे असतात. दूध एकाएकी घटते. जनावर खाणे टाकते, रवंथ थांबते. पाठ कमानीसारखी वर येते, पुढील पायांची कोपरे अंगापासून दूर धरलेली दिसतात. जनावर जपून पाऊल टाकते. उतारावरून खाली जाण्यास नाखूष असते. बसताना, उठताना किंवा शेण टाकताना ते कण्हते. अंगात थोडा ताप असतो. व्याधी हृदयापर्यंत पोहोचली म्हणजे मानेची शीर फुगते, पोळीत व छातीखाली सूज उतरते. अशा अवस्थेतील जनावर वाचणे फार कठीण असते. याउलट पहिल्या एकदोन दिवसांत व्याधी ओळखली गेल्यास उपचाराला यश येण्याची आशा पुष्कळ असते. या रोगात वेळेला महत्त्व आहे ते यामुळेच.

२. यंत्र काय करते

धातुशोधक यंत्राच्या चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे चकतीभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा परिणाम उलट चकतीवर होतो. लोखंडी वस्तू असल्यास तिच्या चुंबकत्वाचाही परिणाम होतो. हा फरक यंत्र आवाजाने, काट्याने किंवा पडद्यावरील आकड्याने दाखविते. यंत्र जुने असो वा नवे, मूळ तत्त्व हेच आहे.

चकती जनावराच्या डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या अंगास धरून हळूहळू फिरवितात; नंतर उजव्या बाजूसही पाहतात. वस्तू जितकी मोठी व जवळ, तितका आवाज स्पष्ट येतो. वस्तू बारीक असेल, दूर असेल किंवा तिची दिशा बदलली असेल, तर आवाज क्षीण होतो. शिवणाची सुई जनावराचा प्राण घेऊ शकते. पण यंत्राच्या दृष्टीने ती अगदी क्षुल्लक वस्तू आहे. उलट एखादा मोठा बोथट नट पोटात वर्षानुवर्षे निरुपद्रवी पडून असतो, आणि यंत्र मात्र त्यावर मोठ्याने वाजते. आवाजाचा मोठेपणा व धोक्याचा मोठेपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी पक्की ध्यानात ठेवावी.

३. यंत्र काय सांगू शकत नाही

कत्तलखान्यात जनावरांची जाळीपोटे तपासली असता, ज्यांना कसलीही व्याधी नव्हती अशा अनेक जनावरांच्या पोटांतही खिळे व तारा आढळतात. हे पशुवैद्यकात फार पूर्वीपासून ज्ञात आहे. यावरून काय निष्पन्न होते? यंत्र वाजले, म्हणजे आत धातू आहे, एवढेच सिद्ध होते. ती वस्तू टोकदार आहे काय, तिने भिंत भेदली आहे काय, आजचे दुखणे तिच्यामुळेच आहे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यंत्र देत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातील १०० निरोगी गाई तपासल्या आणि त्यांपैकी ३० गाईंवर यंत्र वाजले. या ३० गाईंचे पोट फाडावयाचे काय? अर्थातच नाही. आता समजा, दुसरीच एक गाय अपचनामुळे चारा खात नाही आणि तिच्यावरही यंत्र वाजले. यंत्रावर विसंबून तिच्यावर शस्त्रक्रिया केली, तर मालकाचा खर्च व्यर्थ जाईल आणि गाईस विनाकारण त्रास होईल. याच्या उलटही घडते. यंत्र वाजले नाही म्हणून मालक निश्चिंत राहतो, आणि बारीक तार मात्र आपले काम करीत असते.

सबब, पहिले स्थान लक्षणांना व पशुवैद्याच्या तपासणीला आहे. वशिंडामागील पाठीची कातडी चिमटीत धरून दाबली असता निरोगी जनावर पाठ खाली वाकविते. दुखणाईत जनावर वाकविण्याचे टाळते व कण्हते. दोघांनी छातीच्या मागे पोटाखाली आडवा बांबू धरून हळू वर उचलला व एकदम खाली सोडला असता, दुखणाईत जनावर कण्हल्याचा आवाज येतो. ही परीक्षा पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावी. या साध्या परीक्षा यंत्रापेक्षा एका दृष्टीने श्रेष्ठ आहेत. यंत्र धातू शोधते. या परीक्षा वेदना शोधतात. पोटात धातू आहे आणि त्याच जागी वेदनाही आहे, असे दोन्ही आढळले म्हणजे संशयाला बळकटी येते.

४. आवाजाचे भास

यंत्र बिघडले आहे, चुकीचे वाजते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी प्रथम यंत्राकडे न पाहता आजूबाजूस पाहावे. जनावर लोखंडी खोड्यात उभे आहे काय? गळ्यात साखळी वा घंटा आहे काय? बैलाच्या खुरांना पत्र्या व शिंगांना पितळी शेंब्या आहेत काय? गव्हाणीच्या काँक्रीटमध्ये सळ्या आहेत काय? तपासणाऱ्याच्या हातात कडे किंवा खिशात किल्ल्यांचा जुडगा व मोबाईल फोन आहे काय? यांपैकी कोणतीही वस्तू यंत्राची दिशाभूल करू शकते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते; त्यामुळे चकती जमिनीजवळ नेली असता नुसत्या जमिनीचाही परिणाम जाणवतो.

या बाबतीत इतिहासातील एक दाखला उद्बोधक आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व ती शरीरातच राहिली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ती शोधण्यासाठी विद्युत् यंत्र तयार करून आणले. यंत्राचे तत्त्व बरोबर होते. तरीही गोळी सापडली नाही. खाटेच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांमुळे आवाजात गोंधळ झाला, असे पुढे मानले गेले. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्यामुळे तीच बाजू तपासण्यात आली. राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतर गोळी डाव्या बाजूस आढळली. भोवतालचे लोखंड आणि तपासणाऱ्याचा पूर्वग्रह, या दोन गोष्टी उत्तम यंत्रासही निरुपयोगी करतात. यंत्र बदलल्याने या दोन्ही दूर होत नाहीत.

म्हणून तपासणीसाठी एक जागा कायमची ठरवावी. लाकडी खांब, सुती दोर व साधी मातीची जमीन असलेली, पत्र्याच्या भिंतीपासून दूर अशी जागा उत्तम. जनावर आणण्यापूर्वी चकती त्या जागी रिकामी फिरवून पाहावी; ती शांत राहिली तरच पुढील तपासणीस अर्थ आहे.

५. नव्या यंत्रात अधिक काय असते

नव्या यंत्रांचे काही गुण खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. जमिनीच्या परिणामाची वजावट ती अधिक चांगली करतात. काही यंत्रे एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालतात, त्यामुळे लहान व मोठ्या अशा दोन्ही वस्तू त्यांना बऱ्या जाणवतात. लोखंड की अन्य धातू याचा अंदाजही काही यंत्रे देतात. हा अंदाज आपल्या कामात उपयोगी पडू शकतो, कारण पुढे सांगितलेला लोहचुंबक तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्या तारेला धरून ठेवीत नाही. मात्र बारीक व वेड्यावाकड्या तुकड्याबाबत हा अंदाज चुकतो, म्हणून त्यास निर्णय समजू नये.

या गुणांबरोबर दोन अडचणीही येतात. पहिली अडचण विशेष घातक आहे. बाजारातील पुष्कळशी गुंतागुंतीची यंत्रे जमिनीतील नाणी व दागिने शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी बनविलेली असतात. त्या लोकांना गंजलेले खिळे नको असतात. म्हणून लोखंडाकडे दुर्लक्ष करण्याची सोय त्या यंत्रांत केलेली असते, आणि पुष्कळदा यंत्र सुरू करताच ती सोय चालू असते. आपल्याला तर नेमके लोखंडच शोधावयाचे आहे! ही सोय बंद न करता गाय तपासली, तर पोटात खिळा असूनही महागडे यंत्र मौन धारण करील, आणि त्या मौनावर विश्वास ठेवणारा मालक गाय गमावून बसेल. असे यंत्र घेतलेच, तर सर्व धातू दाखविणाऱ्या स्थितीतच ते वापरावे आणि ती स्थिती कोणती, हे मराठीत लिहून चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी.

दुसरी अडचण सरावाची आहे. जुन्या यंत्राचा आवाज रोज ऐकणाऱ्या माणसाचे कान तयार झालेले असतात. खरा आवाज कोणता व भास कोणता, हे त्यास सहज कळते. नव्या यंत्रातील अनेक बटणांचा व आकड्यांचा अर्थ समजण्यास महिनेच्या महिने लागतात. संस्थेतील माहीतगार कर्मचारी बदलून गेला, तर यंत्र कपाटात पडून राहते. गुंतागुंतीचे यंत्र एकाच माणसाच्या भरवशावर कधीही घेऊ नये.

६. लोहचुंबकामुळे प्रश्नाचे रूपच बदलते

आता या पाठातील मुख्य मुद्द्याकडे वळू. बोटाएवढा, गुळगुळीत व गोलाकार टोकांचा लोहचुंबक जनावरास गिळविला, तर तो काही दिवसांत जाळीपोटात येऊन स्थिरावतो व बहुधा जन्मभर तेथेच राहतो. पुढे पोटात येणारे लोखंडी तुकडे त्यास चिकटतात आणि भिंतीत रुतण्याचे टळते. कालवड किंवा पारडी साधारण एक वर्षाची झाल्यावर, निदान पहिल्या वेतापूर्वी, पशुवैद्याकडून तो देवविणे सर्वांत हितकर होय. व्याधी नुकतीच सुरू झाली असेल तर लोहचुंबक, प्रतिजैविके आणि पुढचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच राहतील अशा फळीवर जनावर बांधून दिलेली विश्रांती, एवढ्यानेही काही जनावरे बरी होतात. जी होत नाहीत, त्यांच्या बाबतीत कोटीपोट उघडून वस्तू काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तो निर्णय पशुवैद्याने घ्यावयाचा असतो.

लोहचुंबकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जी तार पूर्वीच भिंतीपलीकडे गेली आहे, तिला तो मागे ओढू शकत नाही. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम व काही प्रकारचे स्टील यांवर त्याचा प्रभाव पडत नाही. जुन्या कर्ण्यातील चुंबकाचे तुकडे करून ते जनावरास कदापि देऊ नयेत. ते ठिसूळ असतात व त्यांच्या कडा धारदार असतात. जनावरांसाठी बनविलेलाच चुंबक वापरावा.

ज्या जनावराच्या पोटात लोहचुंबक आहे, त्यावर धातुशोधक यंत्र नेहमीच वाजणार! चुंबक स्वतःच धातूचा आहे. म्हणजे जसजशी गावातील अधिकाधिक जनावरांना चुंबक दिली जातील, तसतसा धातुशोधक यंत्राचा उपयोग कमी होत जाईल. यंत्र कितीही नवे असले तरी यात फरक पडत नाही. चुंबक दिलेल्या जनावरासाठी मग साधे होकायंत्र पुरते. डाव्या कोपराच्या मागे छातीच्या खालच्या अंगास ते धरले असता सुई वळली, तर चुंबक जागेवर आहे असे समजावे. दुसरा चुंबक देण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. लोहचुंबक रोग टाळतो. यंत्र फार तर रोगाच्या संशयास पुष्टी देते. संस्थेजवळ एकाच गोष्टीपुरता पैसा असेल, तर तो प्रथम कालवडींच्या व पारड्यांच्या चुंबकांवर खर्च करावा. यंत्राचा विचार उरलेल्या पैशातून करावा. नव्या यंत्रामुळे चुंबकांचा कार्यक्रम एक वर्ष पुढे ढकलला जाणार असेल, तर ती खरेदी कितीही आकर्षक वाटली तरी ती तोट्याचीच आहे.

७. निर्णयापूर्वी करावयाची परीक्षा

जुने यंत्र खरोखरच निकामी झाले आहे काय, हे पुढील रीतीने पाहावे.

(१) नवे सेल घालावे. चकतीची केबल, जोड व बटणे तपासावी. अनेक यंत्रे मेलेली नसतात. त्यांची केबल आतून तुटलेली असते.

(२) मोकळ्या मैदानात लाकडी पाटावर चकती ठेवावी. ७ ते ८ सेंटिमीटरचा खिळा, ५ सेंटिमीटर लांबीची बांधणीची तार आणि शिवणाची सुई अशा तीन वस्तू घ्याव्यात. प्रत्येक वस्तू बांबूच्या कामटीस दोऱ्याने बांधून ५, १०, १५ व २० सेंटिमीटर अंतरावरून चकतीसमोर न्यावी. एकदा आडवी व एकदा उभी धरावी. कोणती वस्तू किती अंतरापर्यंत जाणवते, हे वहीत लिहावे.

(३) तीच परीक्षा तपासणीच्या नेहमीच्या जागी करावी. मैदानात यंत्र बरे चालते व गोठ्यात चालत नाही असे आढळल्यास दोष जागेचा आहे. तेव्हा यंत्र न बदलता जागा बदलावी.

(४) विक्रेत्यास नवे यंत्र गावी आणावयास सांगून याच तीन वस्तूंवर, याच अंतरांवर व याच जागी परीक्षा घ्यावी. दुकानाच्या टेबलावर नाणे ठेवून दाखविलेल्या प्रयोगास किंमत देऊ नये. यंत्र संस्थेचा कर्मचारीच चालवील, विक्रेता नव्हे, अशी अट घालावी.

(५) मागील एक वर्षातील तपासण्यांची नोंद काढावी. नोंद नसल्यास आजपासून ठेवावी. वहीत पुढील रकाने असावेत : तारीख, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, चुंबक पूर्वी दिला होता काय, लक्षणे, यंत्राचे उत्तर, पशुवैद्याचे निदान, केलेला उपचार व अखेरचा परिणाम.

ही वही निर्णयाचा खरा आधार होय. ती पुढे ठेवून एकच प्रश्न विचारावा : यंत्राच्या उत्तरामुळे किती जनावरांचा उपचार बदलला? उत्तर एक किंवा दोन असे असेल, तर अधिक सूक्ष्म यंत्राने फारसा लाभ होणार नाही. यंत्र गप्प राहिले पण शस्त्रक्रियेत किंवा शवपरीक्षेत तार सापडली, असे वारंवार घडले असेल, तर मात्र जुन्या यंत्राची उणीव सिद्ध झाली असे म्हणता येईल.

८. नवे यंत्र केव्हा घ्यावे

पुढील सर्व गोष्टी जुळून आल्या तरच नव्या यंत्राची खरेदी योग्य ठरेल.

(अ) दुरुस्तीनंतरही जुने यंत्र स्वच्छ जागी १० सेंटिमीटरवरील खिळा दाखवीत नाही.

(आ) यंत्राचा उपयोग करणारा पशुवैद्य नियमितपणे उपलब्ध आहे आणि शस्त्रक्रियेची सोय आवाक्यातील अंतरावर आहे. ज्या गावापासून शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य दूर आहे, त्या गावात धातूचा ठाव लागूनही जनावराचे काही भले होत नाही.

(इ) गावातील व आसपासच्या गावांतील चुंबक न दिलेल्या जनावरांची संख्या मोठी आहे, किंवा बाजारातून नवी जनावरे सतत विकत घेतली जातात.

(ई) निदान दोन माणसे यंत्र शिकण्यास तयार आहेत.

(उ) दुरुस्ती व सुटे भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, हे विक्रेत्याने लेखी दिले आहे.

(ऊ) चुंबकांसाठी ठेवलेल्या रकमेस धक्का लागत नाही.

एकट्या गावास हे शक्य नसल्यास चारपाच संस्थांनी मिळून एक यंत्र घ्यावे व ते पशुवैद्यकीय दवाखान्यात ठेवावे. शंकास्पद जनावरासाठी क्ष-किरण तपासणी अधिक निश्चित माहिती देते, कारण तीत वस्तूचा आकार व जागा दिसते. सोनोग्राफीत जाळीपोटाची हालचाल, चिकटलेले भाग व साचलेले पाणी दिसते. तार मात्र सहसा दिसत नाही. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. या विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे आहेत. जवळच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात कोणत्या तपासण्या होतात, याची चौकशी कार्यकर्त्यांनी आधीच करून पत्ता व वेळ दूधसंस्थेच्या फलकावर लिहून ठेवावी. जनावर आजारी पडल्यावर ही धावाधाव करणे म्हणजे मोलाचे दिवस दवडणे होय.

९. तारखिळे येतात कोठून

यंत्राची चर्चा करताना मूळ कारण विसरता कामा नये. पेंढ्या बांधण्याची तार चाऱ्यातच तोडून टाकली जाते. कुंपणाच्या तारेचे तुकडे बांधावर पडतात व गवताबरोबर कापले जातात. घराचे बांधकाम चालू असते तेथील बांधणीची तार अंगणात विखुरते. मुरघासावर वजन म्हणून ठेवलेले जुने टायर झिजले की त्यांतील पोलादी तारा बाहेर येतात; टायर जाळले तर राखेत केवळ ताराच उरतात. देवळातील निर्माल्य गाईस घालणे पुण्याचे मानले जाते, पण हारांत व तोरणांत आता तार आणि टाचण्या असतात. उष्ट्या अन्नात सुई वा केसांचा आकडा जातो.

उपाय साधे आहेत. कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशी व पेंड ओतावयाच्या जागी एक मोठा लोहचुंबक बसवावा व तो रोज पुसून काढावा. काठीच्या टोकास चुंबक बांधून आठवड्यातून एकदा गव्हाण व गोठ्याची जमीन फिरून यावी. जमा झालेले लोखंड एका डब्यात साठवावे. हा डबा ग्रामसभेत ठेवावा. महिनाभरात त्यात जेवढे तुकडे पडले, तेवढे जनावरांच्या पोटात जाण्याचे टळले, हे पाहिल्यावर वेगळ्या व्याख्यानाची गरज राहणार नाही. तार तोडणाऱ्याने तुकडा खिशात घालावा, ही सवय मुलांना शाळेतच लावावी.

सारांश, धातुशोधक यंत्र हे पशुवैद्याच्या हातातील एक साधन आहे, निर्णय देणारा न्यायाधीश नव्हे. प्रथम स्वच्छ चारा, नंतर लोहचुंबक, त्यानंतर लक्षणांची वेळीच ओळख, आणि सर्वांत शेवटी यंत्र, हा क्रम ज्या गावाने पाळला, त्या गावास जुने यंत्रही पुष्कळ काळ पुरेल. ज्या गावाने हा क्रम उलटा केला, त्यास सर्वांत महागडे यंत्रही कमीच पडेल.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षी किती जनावरे या व्याधीने दगावली? त्यांच्या पोटातील वस्तू कोठून आल्या असाव्यात?

२. यंत्र वाजले, पण जनावरास वेदना नाहीत, अशा वेळी मालकास काय सांगाल?

३. चुंबक दिलेल्या जनावरांची यादी कोण ठेवील, व जनावर विकल्यास ती माहिती नव्या मालकास कशी कळेल?

४. आपल्या संस्थेच्या यंत्राची तीन वस्तूंवरील परीक्षा कोणत्या दिवशी व कोणत्या जागी घेता येईल?